तीनवर अडकलेली गोटी

मला आयसीयूतून साध्या वॉर्डात आणलं तेव्हा दुपारचे बारा वाजले होते, आणि माझ्या चेहऱ्यावरही तेवढेच वाजले असणार. चाकाची खुर्ची ढकलत आणणारे वॉर्डातले मामा म्हणाले, "सुटलात साहेब एकदाचे." सुटलो कसला, आगीतून फुफाट्यात पडलो. तिकडे अकरा दिवस डोक्याशी यंत्र टुकटुकत होतं आणि दोन पेशंटांमागे एक सिस्टर होती. नुसता खाकरलो तरी कोणीतरी मान वर करायचं. इथे चोवीस खाटा, दोन सिस्टर, आणि उशाशी एक बेल. मी ती दाबून पाहिली. पंधरा मिनिटांनी मोठ्या सिस्टर आल्या आणि मलाच म्हणाल्या, "उगाच दाबायची नाही हं, आजोबा."

आजोबा! सख्ख्या नातवाने लाडात येऊन हाक मारली तरी मी आधी काय काम आहे ते विचारतो.

मी चौतीस वर्षं वजनमापे निरीक्षक होतो. दुकानात शिरलो की दुकानदाराच्या तोंडाकडे बघायचं नाही, त्याच्या काट्याकडे बघायचं, ही सवय हाडामांसात गेलेली. तोंड गोड बोलतं, काटा काही बोलत नाही. आणि काटा तपासायची पहिली पायरी अगदी सोपी असते : वर काही न ठेवता बघायचं. रिकामा काटा शून्यावर आला नाही, तर पुढचं सगळं खोटं. या सवयीमुळे मला मित्र नाहीत. त्याचं मला कधी वाईट वाटलेलं नाही.

न्यूमोनियाने माझी छाती धरली होती. आता बरी होती म्हणे, फक्त थोडा ऑक्सिजन लागत होता. नाकात नळी, नळीचं दुसरं टोक डोक्यामागच्या भिंतीवरच्या मीटरला. मीटर म्हणजे आकडे लिहिलेली एक उभी काचेसारखी नळी आणि तिच्यात एक छोटी गोटी. खालचा नॉब फिरवला की हवेच्या जोराने गोटी वर चढते. जितक्या आकड्यावर ती तरंगेल तितके लिटर. डॉक्टरांनी तीन लिहिलं होतं, मामांनी नॉब फिरवला, गोटी तीनवर गेली.

शेजारच्या खाटेवर माझ्याच वयाचे, माझ्याच दुखण्याचे एक गृहस्थ होते. माझ्या तासभर आधी तेही आयसीयूतूनच आलेले, त्यांच्याही नाकात नळी, त्यांचंही तीन लिटर. त्यांना कोणीही काहीही विचारलं की उत्तर एकच : "मजेत!" सुई टोचताना मजेत, पाणचट चहा पिताना मजेत, लघवीचं भांडं मागताना मजेत. मी मनातल्या मनात त्यांचं नाव मजेतराव ठेवलं. अशा माणसांचा मला पहिल्यापासून राग आहे. ज्याची कधीच तक्रार नसते, त्याच्यामुळे बाकीच्यांची खरी तक्रार खोटी पडते. त्यांची बायको दिवसभर स्टुलावर बसून त्यांचे पाय चेपायची आणि अधूनमधून माझ्याकडे बघून हसायची. मी हसत नव्हतो.

तीनच्या सुमाराला एक पंचविशीतली मुलगी आली. गळ्यात ओळखपत्र, हातात फॉर्मची चळत.

"काका, मी पेशंटच्या ताणाचा अभ्यास करतेय. आयसीयूतून वॉर्डात आल्यावर माणसाला किती ताण येतो, ते आम्ही मोजतो."

"कशाने मोजता?"

"हा फॉर्म आहे ना. वीस प्रश्न. अजिबात नाही असेल तर शून्य, खूप असेल तर चार."

"या मापावर शिक्का कोणाचा?"

ती गोंधळली. "तज्ज्ञांनी तपासलाय, काका."

"रिकामा ठेवून पाहिलाय कधी? ज्याला काहीच त्रास नाही, त्याचं शून्य येतं का?"

"तुमच्या शेजारच्या काकांचे ऐंशीपैकी तीन आले," ती जरा ठसक्यात म्हणाली. मजेतरावांनी शेजारून हात हलवला.

तिने प्रश्न विचारायला सुरुवात केली. झोप मोडते का. एकटं वाटतं का. सिस्टर लगेच येणार नाहीत असं वाटतं का. या प्रश्नाला मी हसलो, त्या दिवसातलं पहिलं हसू. मग सातवा आला.

"इथे आल्यापासून श्वास घ्यायला त्रास होतोय असं वाटतं का?"

"वाटत नाही. होतोय."

"म्हणजे चार?"

"म्हणजे डॉक्टरांना बोलवा."

"मी सिस्टरना सांगते ना. चार लिहू?"

"लिहा चार, आणि घाला तो कागद चुलीत."

तिने चार लिहिलं. कागद चुलीत घातला नाही, बेरीज केली. अठ्ठावन्न. पन्नासच्या वर गेलेल्याच्या फाईलवर नारिंगी चिठ्ठी चिकटवायची, असा त्यांचा नियम. चिठ्ठीवर छापलं होतं : 'बदलीचा ताण'. "यामुळे तुमच्याकडे जास्त लक्ष देतील," असं सांगून ती गेली. तिचा हेतू चांगला होता हे मी आज कबूल करतो. तेव्हा मला तिचा गळा आवळावासा वाटत होता, पण तेवढा दम नव्हता.

लक्ष कसलं देतात! त्या चिठ्ठीने माझ्या तोंडालाच कुलूप घातलं. छातीवर कोणीतरी बसलंय म्हणालो, मोठ्या सिस्टरनी फाईल बघितली आणि म्हणाल्या, "ताण आहे. डोळे मिटा, चांगले विचार करा." बोटाला चिमटा लावून रक्तातला ऑक्सिजन बघितला : चौऱ्याण्णव. संध्याकाळी ब्याण्णव. "घाबरता ना, म्हणून कमी येतं," त्या म्हणाल्या.

मी मान वाकडी करून मीटरकडे बघत होतो. गोटी तीनवर. मजेतरावांची गोटीही तीनवर, पण ती थरथरत होती, जरा वर, जरा खाली, जिवंत असल्यासारखी. माझी ठोकून बसवल्यासारखी उभी.

"सिस्टर, हे मीटर तपासा. नॉब बंद करा आणि गोटी खाली येते का बघा. अर्धा मिनिट लागेल."

"ऑक्सिजन बंद करा म्हणताय, आजोबा?" त्यांनी दुसऱ्या सिस्टरकडे बघून कपाळाला हात लावला. "ताणाचा पेशंट."

भेटायच्या वेळी मुलगा आला. त्याला म्हटलं, तो नॉब फिरव. तो म्हणाला, "बाबा, इथे तरी तपासणी बंद ठेवा. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलंय, तुमचं मानसिक आहे."

"मानसिक काय? फुप्फुस मनात असतं का?"

"जगातला प्रत्येक काटा खोटा नसतो, बाबा."

"तपासल्याशिवाय कसं कळणार?"

"हेच. आईपण हेच ऐकून ऐकून गेली." तो हे बोलला आणि स्वतःच दचकला. मग घड्याळात बघून निघून गेला. नॉबला त्याने हात लावला नाही. माझाच हात तिथवर पोचत नव्हता. उठून बसलो की डोळ्यांपुढे काळोख यायचा.

रात्र कशी काढली ते माझं मला माहीत. सकाळच्या राऊंडला चिमट्याने एक्क्याण्णव दाखवलं. डॉक्टर तरुण, घाईत. फाईल उघडायच्या आधीच त्यांना नारिंगी दिसलं. "उद्या मानसोपचारवाले बघून जातील," म्हणाले आणि पुढे गेले. मी तिथेच मेलो असतो तर या लोकांनी मृत्यूच्या दाखल्यावरही ताण असंच लिहिलं असतं.

सव्वादहाला मामा चादर बदलायला आले. शेजारची खाट रिकामी होती. मजेतरावांना एक्स-रेला नेलं होतं, त्यांची बायकोही बरोबर गेली होती. मामांनी माझ्याकडे बघितलं. फाईलकडे नाही, माझ्याकडे. "काय साहेब, ओठ काळेनिळे पडलेत."

बोलायला दम उरला नव्हता. मी बोट नॉबकडे दाखवलं आणि मनगट फिरवलं. मामांनी काही न विचारता नॉब बंद केला. गोटी तीनवर. त्यांनी नखाने टिचकी मारली. गोटी तीनवर.

"अडकलीय की साहेब! आतून किती येतंय देव जाणे."

"सिस्टरना..."

"सिस्टरना सांगितलं की स्टोअरला चिठ्ठी, चिठ्ठीवर सही, मग जुनं कोणी बिघडवलं त्याची चौकशी. आणि नाव कोणाचं येणार? मामांचं. संध्याकाळ होईल. थांबा, मी बघतो."

त्यांनी दोन खाटांमधला पडदा ओढला. माझं मीटर भिंतीतून निघालं तसा खटका ऐकू आला. मग पडद्यापलीकडे एक खटका, आणखी एक, आणि शेवटचा माझ्या डोक्यामागे. सगळं मिळून अर्धा मिनिट. मग नाकात गार हवा शिरली. खरी हवा, जोराची, घशापर्यंत लागणारी. सांगायला लाज वाटते, पण मी रडलो. कालपासून पहिल्यांदा छाती पूर्ण भरली होती.

नवं मीटर अर्ध्या मिनिटात येत नसतं. हे मला कळत होतं. माझ्या नोकरीत खोटं वजन सापडलं की मी ते जागीच ठोकून निकामी करायचो, कारण न ठोकलेलं वजन संध्याकाळपर्यंत दुसऱ्या दुकानात पोचतं. आणि खरं वजन समोर आलं तर माझा पहिला प्रश्न असायचा : आणलं कुठून? त्या दिवशी मी विचारलं नाही. मामांनी पडदा सारला. मजेतरावांच्या भिंतीवर गोटी तीनवर बसलेली होती, अजिबात हलत नव्हती.

मामांनी माझी नजर कुठे आहे ते पाहिलं. "त्यांचं काय, ते मजेतच असतात," ते हळूच म्हणाले. "दुपारच्या आत स्टोअरमधून आणून बदलतो. तोवर कोणाजवळ बोलू नका."

मी म्हटलं, "बरं."

साडेदहाला मजेतरावांना परत आणलं. मामांनी स्वतःच त्यांच्या नाकात नळी लावली. मी कूस बदलली. मनाला म्हटलं, माणसाला तोंड आहे, त्रास झाला तर बोलेल. कालपासून मी घसा फोडून बोलत होतो, तेव्हा हा मजेत मजेत करत होता. मग दुपारी कळेल त्याला आटेदाळीचा भाव. असले विचार करायलासुद्धा श्वास लागतो, आणि तो मला आता भरपूर मिळत होता.

बारापर्यंत त्यांची बडबड थांबली. एक वाजता त्यांनी जेवणाचं ताट तसंच परत पाठवलं. सिस्टरनी विचारलं तर म्हणाले, "मजेत. जरा दमलोय." सिस्टर पुढे गेल्या. तीन गुणांचा पेशंट, त्याची कसली काळजी! त्यांची बायको कपडे आणायला घरी गेली. दोनला मामांची ड्युटी संपली. मीटर बदललेलं नव्हतं. मामा पिशवी खांद्याला लावून दारातून जाताना मला दिसले. हाक मारली असती तर ऐकू गेली असती, कारण आता माझ्या आवाजात जोर होता. मी हाक मारली नाही.

का मारली नाही, ते सरळच सांगतो. मीटर एक, नाकं दोन. मी बोललो तर पहिली गोष्ट काय होणार? ज्याचं आहे त्याला परत देणार, आणि मी पुन्हा त्या गोटीखाली. ताणाचा पेशंट. कालच्या रात्रीसारखी दुसरी रात्र माझ्याने निघाली नसती. मी घाबरलो होतो. फॉर्ममध्ये तसा प्रश्न असता तर मी चार म्हटलं असतं.

पावणेचारला ती प्रश्नवाली मुलगी आली. दुसऱ्या दिवशीचा फॉर्म भरायचा होता. आधी मजेतरावांकडे गेली. ते अर्धवट बसलेले, उशीला टेकलेले, डोळे मिटलेले.

"काका, आज कसं वाटतंय?"

"म... जेत."

"छान. झोप मोडली का?"

"शून्य लिही, बाळ."

तिने लिहिलं. तिची मान कागदात होती. मला त्यांची नखं दिसत होती, जांभळी. मान दर श्वासाला पुढे येत होती. एकटं वाटतं का? शून्य. विश्वास वाटतो का? तिला काही तरी हवं होतं आणि ते देत होते, तोंड जेमतेम हलवून. मी एकेक उत्तर ऐकत होतो. सातवा प्रश्न आला.

"श्वास घ्यायला त्रास होतोय असं वाटतं का?"

त्यांची मान तीनदा पुढे आली. मग, "शून्य." आणि तिचं पेन कागदावर फिरलं.

"अगं, कागदाकडे काय बघतेस! माणसाकडे बघ!" मी ओरडलो.

"काका, तुमचा फॉर्म नंतर..."

"खड्ड्यात गेला फॉर्म! त्यांच्या डोक्यामागचा नॉब बंद कर. बंद कर आणि गोटी बघ!"

मोठ्या सिस्टर टेबलावरूनच म्हणाल्या, "लक्ष देऊ नकोस गं, ताणाचा पेशंट आहे."

मुलगी उभी राहिली. कालपासून मी तिला फक्त टाकून बोललो होतो. तिने माझं का ऐकावं? तिने माझ्याकडे बघितलं, मजेतरावांकडे बघितलं, आणि हात वर करून नॉब फिरवला. पूर्ण बंद. गोटी तीनवर. तिने परत चालू केला, परत बंद केला. गोटी तीनवर. तिच्या हातातले फॉर्म खाली पडले आणि ती इतक्या जोरात "सिस्टर!" म्हणून किंचाळली की चोवीसही खाटा जाग्या झाल्या.

बोटाला चिमटा लावला : चौऱ्याहत्तर. मोठ्या सिस्टर धावत आल्या, माझ्या भिंतीवरचं मीटर उपटून मजेतरावांच्या भिंतीत बसवलं. माझ्या नाकातली हवा थांबली. मी उताणा पडून छत बघत राहिलो. डॉक्टर आले, तोंडावर मास्क धरून हवेची पिशवी दाबत दाबत त्यांना ढकलगाडीवरून परत आयसीयूकडे नेलं. जाताना कोणीतरी विचारलं, "काका, ऐकू येतंय का?" त्यांनी उत्तर दिलं नाही. माझ्यासाठी स्टोअरमधून नवं मीटर सहा मिनिटांत आलं. ना चिठ्ठी, ना सही.

मग मी एकदम शहाणा ठरलो. त्या मुलीने नखाने खरवडून माझ्या फाईलवरची नारिंगी चिठ्ठी काढली आणि रडवेल्या आवाजात म्हणाली, "सॉरी काका, तुम्ही कालपासून सांगत होता." मोठ्या सिस्टरनी स्वतः चहा आणून दिला, 'आजोबा' जाऊन 'साहेब' आले. मुलाचा फोन आला. "बाबा, चुकलंच माझं. तुमच्यामुळे एक माणूस वाचला म्हणे." मी म्हटलं, बघू.

सहाच्या सुमाराला मजेतरावांची बायको सामान न्यायला आली. चष्मा, कंगवा, चपला एकेक करून पिशवीत भरत होती. मग माझ्या खाटेपाशी येऊन तिने हात जोडले.

"भाऊ, त्या पोरीने सांगितलं मला. तुम्ही ओरडला नसता तर गेलेच होते ते. घशात नळी घातलीय. उद्यापर्यंत काही सांगता येत नाही म्हणतात. पण तुम्ही होता म्हणून..."

मी गप्प राहिलो असतो तर कोणालाही कळलं नसतं. मामा मेले तरी बोलणार नव्हते. पण तिचे ते जोडलेले हात मला बघवेनात.

"हात खाली करा, वहिनी. ते अडकलेलं मीटर माझ्या भिंतीवरचं होतं. तुम्ही एक्स-रेला गेलात तेव्हा बदललं. मला माहीत होतं."

तिला आधी कळलंच नाही. मग हात हळूहळू खाली आले.

"किती वाजता बदललं?"

"सव्वादहाला."

ती घड्याळाकडे बघत राहिली. "अकराला मी तुम्हाला सफरचंद दिलं."

"हो."

"चावत नाही म्हणालात, म्हणून साल काढून, बारीक फोडी करून दिलं."

"हो, वहिनी."

"आणि तुम्ही खाल्लंत."

"खाल्लं," मी म्हणालो. "त्यांच्या वाटणीचं पण खाल्लं. त्यांना नको होतं."